धाकटीचा गाळा

तिला सगळे धाकटी म्हणत. पन्नाशी उलटली, केसांत पांढरं आलं, घरात सून आली, तरी ती धाकटीच राहिली. कारण तिची सख्खी मोठी बहीण त्याच वस्तीत राहत होती, आणि एका वस्तीत थोरली असली की दुसरीला धाकटी होण्यावाचून गत्यंतर नसतं. थोरली दिली होती मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरी. धाकटी दिली होती छोट्या होडीवाल्याच्या घरी. एकाच आईच्या दोन मुली. एकीच्या दारात मासे विकत घेतले जायचे आणि दुसरीच्या घरचे विकले जायचे. फरक म्हटला तर एवढाच. पण याच फरकापायी एकीच्या घरावर दुसरा मजला चढला होता आणि दुसरीच्या घराला दर वर्षी नवा पत्रा लागत होता.

वस्ती एका छोट्या खाडीच्या तोंडाशी होती. दगडी धक्का, धक्क्याला बांधलेल्या लहान लहान होड्या, आणि टेकडी चढून शहराकडे जाणारा एकच रस्ता. होड्या पहाटे निघायच्या, किनारा डोळ्यांआड होऊ न देता जाळी टाकायच्या आणि दुपारच्या आत परत यायच्या. धक्क्यावर व्यापारी उभा असायचा. तो ढिगात हात घालायचा, एखादा मासा उचलून त्याचे कल्ले उघडून बघायचा आणि भाव सांगायचा. दुसरा भाव सांगणारा कोणी नव्हताच, कारण बर्फ त्याचा, शेड त्याची आणि शहरापर्यंत जाणारा ट्रकही त्याचाच. मासळी ही अशी वस्तू आहे की ती मालकाला विचार करायला वेळ देत नाही. होडीवाले मान हलवायचे आणि घरी जाऊन झोपायचे.

तो वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. उदंड मासे आले आणि बाजारात मागणी नसली तरी तो सगळा माल उचलायचा. कुणाच्या घरात आजारपण आलं तर त्याचा ट्रक माणसाला दवाखान्यात पोचवून यायचा, आणि त्याबद्दल नंतर तो चकार शब्द काढायचा नाही. त्याला फक्त एकच गोष्ट आवडत नसे. त्याने सांगितलेल्या भावावर कोणी ‘पण’ म्हटलेलं.

धाकटी त्याच्याच शेडमध्ये मासे निवडायला जायची. लग्न झाल्याला थोडेच दिवस झाले होते, तेव्हा थोरली म्हणाली होती, “घरात बसून काय करणार, ये आमच्याकडे.” तेव्हापासून ती आणि आणखी आठ बायका लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून बांगडे एकीकडे, कोळंबी एकीकडे, फुटलेलं-दबलेलं तिसरीकडे, असं करत आल्या होत्या. पायात रबरी बूट, कमरेला प्लास्टिकचं फडकं, हात बर्फाने पांढरे पडलेले. पेटी भरली की वर बर्फाचा थर, मग झाकण, मग ट्रक. संध्याकाळी ट्रकचं दार धाडकन लागलं की धाकटीचं काम संपायचं. पुढचं तिला ठाऊक नव्हतं. शहरात ती दोन-चारदा गेली होती, ती दवाखान्यात आणि एकदा मुलाच्या नोकरीसाठी. मासळी बाजार तिने कधी पाहिला नव्हता.

आणि मग सरकारची योजना आली.

ती सांगायला मत्स्य खात्यातली एक तरुण अधिकारी आली. सोसायटीची खोली जाळी ठेवायच्या गोदामावर होती. जिना चढताना डांबराचा वास नाकात बसायचा. होडीवाले जमले, बायका दाराशी उभ्या राहिल्या. अधिकारी बाईंनी नीट समजावून सांगितलं. काठाकाठाने मासेमारी करणाऱ्या छोट्या होड्यांना माल स्वतः बाजारात नेता यावा म्हणून सरकार वाहतुकीच्या भाड्याचा भार उचलणार. पहिल्या वर्षी बराचसा, दुसऱ्या वर्षी निम्मा, तिसऱ्या वर्षी थोडा, आणि त्यानंतर आपल्या पायावर. जाड भिंतींच्या पेट्या मिळणार. शहरात संध्याकाळचा एक बाजार भरतो, तिथल्या एका गाळ्याचं भाडंही तोवर सरकार देणार. अट एकच. गाडीत फक्त छोट्या होड्यांचा माल असला पाहिजे. व्यापाऱ्याचा माल त्यात चालणार नाही आणि व्यापाऱ्याच्या गाडीतून नेलेला मालही धरला जाणार नाही.

“सरकारी काम आणि सहा महिने थांब,” मागून कोणीतरी म्हणालं.

“सहा नाही, भाडं परत मिळायला तीन महिने लागतात,” अधिकारी बाई म्हणाल्या.

सगळे हसले. बाईंना कळेना का हसले. त्यांनी विनोद केलाच नव्हता.

सोसायटीचा सेक्रेटरी निवृत्त पोस्टमन होता. प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायची त्याला सवय होती. त्याने घसा खाकरला आणि विचारलं, “गाडी मिळेल. टेकडीपलीकडच्या ड्रायव्हरची व्हॅन आहे. पण गाळ्यावर उभं कोण राहणार?”

पुरुष पहाटे समुद्रावर जाणार, दुपारी झोपणार. बायका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये. आणि गाळ्यावर उभं राहणं म्हणजे व्यापाऱ्याच्या समोर उभं राहणं, हे न सांगता सगळ्यांना समजलं होतं. खिडकीबाहेर एका होडीवर कोणीतरी पाणी उपसत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

“मी राहते,” धाकटी म्हणाली.

घरी जाताना नवरा मान खाली घालून पुढे चालत राहिला. तो बोलायचाच कमी. समुद्रावर बोलून काही उपयोग नसतो, तीच सवय जमिनीवरही राहिली होती. दाराशी आल्यावर म्हणाला, “भाऊजींशी वाकडं घ्यायचंय का तुला?”

“वाकडं कशाला घेऊ? मला हे मासे जातात कुठं ते बघायचंय. इतकी वर्षं पेट्या भरल्या.”

“एवढ्यासाठी?”

“एवढ्यासाठीच असं नाही. पण सुरुवात एवढ्यापासून.”

नवऱ्याने चपला काढल्या. “मग चांगले निवडून दे म्हणजे झालं,” तो म्हणाला आणि आडवा झाला. तो एवढंच बोलला, आणि धाकटीला तेवढं पुरलं.

थोरली दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. ती कधी बसून बोलायची नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून दोन्ही चौकटींना हात लावायची, जणू घरच तिने धरून ठेवलं आहे.

“उद्यापासून शेडवर येऊ नकोस, असं ह्यांनी सांगितलंय.”

“त्यांनी सांगितलंय की तू सांगतेस?”

“आमच्यात असं वेगळं नसतं.”

धाकटी चुलीपाशी बसली होती. तिने भांडं खाली उतरवलं. “ताई, मी कुणाच्या विरुद्ध काही करत नाहीये.”

“खाल्ल्या घरचे वासे मोजतेस आणि वर विरुद्ध नाही म्हणतेस.”

“वासे मोजत नाही. बाहेरून घर कसं दिसतं तेवढं बघते.”

थोरलीने चौकटीवरचे हात काढले. “बघ हो बघ,” म्हणाली आणि गेली. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं ती त्या दारात आली नाही. रस्त्यात समोर आली तर सुनेची चौकशी करायची, नातवाला जवळ घ्यायची, आणि धाकटीकडे असं बघायची की जणू ती त्या दोघांच्या मागची भिंत आहे.

संध्याकाळचा बाजार म्हणजे पत्र्याच्या छपराखालची एक लांब शेड होती. मधून गटार, दोन्ही बाजूंना सिमेंटचे ओटे, ओट्यांवर पिवळे दिवे. कामावरून सुटलेली माणसं घरी जाताना तिथून जायची, छोट्या खानावळींचे आचारी यायचे. मोठा बाजार सकाळचा, पलीकडच्या इमारतीत. तिथे ट्रक लागायचे, लिलाव व्हायचा. संध्याकाळच्या बाजाराला मोठे व्यापारी हसायचे. सरकारने मिळवून दिलेला गाळा सगळ्यात शेवटचा होता. पाणी मारायचा नळ आणि मागचं फाटक यांच्या मध्ये. सरकार कुठलीही गोष्ट देतं ती बहुधा शेवटचीच असते.

पहिल्या दिवशी धाकटीने ओटा घासला, बर्फ पसरला, त्यावर मासे एका रेषेत मांडले. शेडमध्ये मांडायची तसेच, डोकी एका बाजूला. आणि उभी राहिली. माणसं फाटकातून आत यायची, तिच्यासमोरून पुढे जायची आणि आतल्या गाळ्यांवर थांबायची. तिथले विक्रेते ओरडत होते, हाका मारत होते, ओळखीच्या गिऱ्हाइकांच्या पिशव्या ओढत होते. धाकटीने तोंड उघडलं, पण त्यातून काही बाहेर आलं नाही. शेडमध्ये कामाच्या वेळी बोललेलं भाऊजींना चालत नसे. इतक्या वर्षांची गप्प राहायची सवय एका दिवसात कशी जाणार?

शेजारच्या गाळ्यावर एक दांडगा खेकडेवाला होता. खेकड्यांनी चावून चावून त्याच्या बोटांना गाठी आल्या होत्या. त्याने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “बाई, मासे मुके असतात. विकणाऱ्याला बोलावं लागतं.”

त्या दिवशी अर्ध्या पेट्या तशाच परत आल्या. धक्क्यावर होडीवाले वाट बघत उभे होते. त्यांनी पेट्या उतरवून घेतल्या, आत डोकावून पाहिलं आणि झाकणं परत लावली. कोणी एक शब्द बोललं नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं असं धाकटीला वाटलं. तिने नळावर गाडी धुतली, बूट धुतले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत व्हॅनमध्ये चढली.

आवाज फुटला तो रागाने. तिथे उभी राहायला लागून आठवडा होत आला होता. कचेरीतून आलेली एक बाई ओट्याशी थांबली, एका बांगड्याला बोट लावलं आणि बरोबरच्या मैत्रिणीला म्हणाली, “नको, कालचे असतील.”

“कालचे?” धाकटी म्हणाली. “आज सकाळी हे पाण्यात होते. माझ्या नवऱ्याने काढलेत. तो अजून उठलासुद्धा नसेल.”

आवाज एवढा मोठा निघाला की खेकडेवाल्याने मान वळवली. कचेरीतली बाई हसली. आधी थोडे घेऊन बघते म्हणाली, मग मैत्रिणीनेही घेतले, मग त्या दोघी का थांबल्यात म्हणून आणखी दोघं थांबले. धाकटीला उमगलं की सकाळच्या बाजारातला मासा कितीही चांगला असला तरी तो रात्र काढून आलेला असतो, आणि तिच्या ओट्यावरचा मासा सकाळी समुद्रात आणि संध्याकाळी माणसाच्या पिशवीत असतो. हे सांगण्यासारखं होतं. ती सांगू लागली. नुसतं सांगून थांबली नाही. कुठला मासा कुणाच्या होडीचा तेही बोलू लागली. ही कोळंबी दोघा भावांच्या होडीची, ते एकमेकांशी बोलत नाहीत पण जाळं एकच ओढतात. हे बांगडे म्हाताऱ्याच्या होडीचे, त्याला दिसतं कमी, पण मासे त्याला ऐकू येतात म्हणे. गिऱ्हाइकं ऐकायची, हसायची, आणि घरी जाऊन तेच सांगायची. महिन्याभरात माणसं विचारू लागली, “म्हाताऱ्याची होडी आली नाही का आज?”

“गुडघा धरलाय त्याचा. उद्या जाणार म्हणतोय.”

“मग उद्याच येते मी.”

ही गोष्ट वस्तीत म्हाताऱ्याच्या कानावर गेली तेव्हा तो गुडघ्याला फडकं बांधून खरंच दुसऱ्या दिवशी समुद्रावर गेला.

पेट्या रिकाम्या परत येऊ लागल्या, तशा एकेक करून आणखी होड्या सोसायटीकडे आल्या. व्यापाऱ्याने काही म्हटलं नाही. तो पूर्वीसारखाच धक्क्यावर उभा राहायचा, उरलेल्या होड्यांचा माल घ्यायचा, आणि कमी पडलेला दूरच्या मोठ्या बंदरातून आणायचा. तिकडचा माल निवडूनच यायचा. त्यामुळे शेडमधलं लांब टेबल अर्धं झालं. नऊ बायका होत्या, त्यातली धाकटी गेली. राहिलेल्या आठांतल्या चौघींना त्याने सांगितलं की काम नाही.

त्या चौघींतली एक धाकटीच्या अगदी समोर उभी राहायची. दोघींनी मिळून कितीतरी थंड सकाळी एकमेकींच्या हातांवर फुंकर घातली होती. ती एकदा नळावर भेटली. तिने घागर भरून घेतली. मग म्हणाली, “तुझं झालं गं. आमचं काय?”

“खरंय,” एवढंच धाकटी म्हणाली. घागर उचलायला तिने हात लावला. समोरचीने तो हात बाजूला केला नाही, पण आभारही मानले नाहीत.

दुसऱ्या वर्षी सरकारची गाडी अडखळली. भाडं तीन महिन्यांनी यायचं ते पाच महिने आलं नाही. व्हॅनचा ड्रायव्हर सरळ माणूस होता. तो एका सकाळी सोसायटीत येऊन म्हणाला, “पेट्रोलपंपवाल्याला मी योजना समजावून सांगितली. त्याला समजली नाही.” त्यापुढे तो एवढंच म्हणाला की हा आठवडा चालवतो, पुढचं बघू. सेक्रेटरीने अधिकारी बाईंना फोनवर फोन केले. शेवटी त्या म्हणाल्या, मीच येते, एक फेरी तुमच्याबरोबर करते, म्हणजे अहवाल पक्का होईल.

त्या आल्या त्या दिवशी मासे भरपूर होते. व्हॅन ठासून भरली. बाई पुढे मधल्या सीटवर बसल्या, धाकटी खिडकीशी. टेकडीच्या चढणीवर अर्ध्या वाटेत व्हॅनने दोन हिसके दिले, धूर सोडला आणि उभी राहिली. ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि पुन्हा बंद केलं. त्याच्या त्या बंद करण्यावरूनच धाकटीला कळलं. ऊन रणरणत होतं. पेट्या जाड होत्या, पण ऊन त्यांच्याहून जाड होतं.

मागून ट्रकचा आवाज आला. व्यापाऱ्याचा ट्रक एरवी संध्याकाळी निघायचा. त्या दिवशी त्याला मोठ्या बंदरातून माल उचलायचा होता म्हणून दुपारीच निघाला होता. ट्रक त्यांच्यापुढे जाऊन थांबला. व्यापारी स्वतः उतरला. त्याने व्हॅनकडे पाहिलं, ड्रायव्हरकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं नाही.

“चढवा पेट्या,” तो ड्रायव्हरला म्हणाला.

अधिकारी बाई अवघडल्या. “एक सांगायला हवं,” त्या धाकटीला म्हणाल्या. “व्यापाऱ्याच्या गाडीतून माल गेला तर आजच्या फेरीचं भाडं मिळणार नाही. नियम मी केलेला नाही, पण मला तो मोडताही येणार नाही.”

“बुडालं तर बुडालं,” धाकटी म्हणाली. “मासे थांबणार नाहीत.”

“मग झालं,” बाई म्हणाल्या, हातातली पर्स गळ्यात तिरकी अडकवली आणि पेटीची एक बाजू स्वतः धरली.

व्हॅनचा ड्रायव्हर व्हॅनपाशीच राहिला. ट्रकच्या पुढच्या सीटवर चौघं दाटीने बसले. ट्रकचा ड्रायव्हर, मग व्यापारी, मग अधिकारी बाई, मग धाकटी. वर्षभर ज्यांनी एकमेकांशी शब्द काढला नव्हता त्यांच्यामध्ये सरकार बसलं होतं. ट्रकने टेकडी ओलांडली. मग व्यापारी समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, “मॅडम, यांना विचारा, बर्फ नुसता वर घातलाय की खालीही?”

बाईंनी धाकटीकडे मान वळवली.

“त्यांना सांगा, खालीही घातलाय,” धाकटी म्हणाली. “त्यांच्याच शेडमध्ये शिकलेय.”

बाईंनी मान इकडे वळवली. “खालीही घातलाय म्हणतात.”

“ऐकलं मी.”

असं शहर येईपर्यंत चाललं. गाळा कुठला, भाडं किती, खानावळीवाले रोखीने घेतात का, सगळं बाईंच्या तोंडून. उतरताना त्यांची मान दुखत असावी, कारण त्या ती चोळत होत्या.

व्यापाऱ्याला पुढे माल आणायला जायचं होतं, पण त्याने ट्रक ड्रायव्हरबरोबर पाठवून दिला आणि तो बाजारातच थांबला. खांबाशी, हाताची घडी घालून. धाकटीला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता. पहिल्या दोन हाका बारीकच निघाल्या. मग नेहमीची एक म्हातारी बाई आली आणि तिने विचारलं, “आज उशीर झाला गं?”

“गाडी बंद पडली वाटेत. माझ्या भाऊजींनी आणलं.”

म्हातारीने खांबाकडे पाहिलं. “हे का? भला माणूस दिसतो.”

खांबाशी काहीच हालचाल झाली नाही. धाकटी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. त्यानंतर आवाज आपोआप मोकळा झाला.

माल घेऊन ट्रक परत त्यांना न्यायला आला. अधिकारी बाई शहरातच राहिल्या, त्यामुळे मधली जागा रिकामी झाली. टेकडीवर चढताना व्यापारी म्हणाला, “बांगडा चढा विकलास.” या वेळी थेट तिलाच.

“आजचा होता.”

“मी सकाळी विकतो तोही आदल्या दिवशीचाच असतो. कालचा नसतो.”

“आदल्या दिवशीचा म्हणजे कालचाच, भाऊजी.”

ड्रायव्हरला एकदम खोकला आला. व्यापारी रागावला नाही. गुडघ्यावर बोटांनी ताल धरून बसला. अडकलेलं भाडं पुढच्या महिन्यात आलं. बाईंनी त्या दिवसाची फेरी मात्र प्रामाणिकपणे वगळली होती, आणि सेक्रेटरीने घसा खाकरून सगळ्यांना सांगितलं की माणूस असा असावा, पण आपल्या खात्यात नसावा.

तिसऱ्या वर्षी सरकारचा हातभार ठरल्याप्रमाणे घटत गेला आणि एका महिन्यात थांबला. त्यात कुणाचा दोष नव्हता; सांगूनच गेला होता. होडीवाल्यांना आता सगळं भाडं आपल्या मालातून काढावं लागणार होतं. व्हॅन महाग पडत होती. ड्रायव्हरला शाळेच्या मुलांची ने-आण करायचं काम मिळालं. मुलं बर्फ मागत नाहीत आणि पैसे महिन्याच्या महिन्याला येतात, असं तो म्हणाला. पुन्हा सगळा माल धक्क्यावरच विकावा, असं काही जण दबक्या आवाजात बोलू लागले. धाकटीने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तिला गाळा सोडायचा नव्हता, आणि गाळ्यापर्यंत जायचं कसं हे तिला सुचत नव्हतं.

अशातच एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात दोन हात आले आणि चौकटीला टेकले.

“ट्रक अर्धा रिकामा जातो आमचा,” थोरली म्हणाली. रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही. “तो अर्धा रिकामा कशाला न्यायचा? ह्यांना म्हणवत नाही. म्हणून मी म्हणते.”

“आमचे मासे तुमच्या ट्रकमध्ये?”

“भाडं घेऊ. फुकट नाही.”

“फुकट नकोच आहे.” धाकटीने हात पुसले. “पण ट्रक दुपारी निघायला हवा. संध्याकाळी निघाला तर माझ्या काय उपयोगाचा?”

“इतकी वर्षं संध्याकाळी निघतोय तो.”

“मासे पूर्वीपासून दुपारीच येतात, ताई.”

थोरली विचारात पडली. “बरं. आणि?”

“आमच्या मालाचा भाव आमचा. भाऊजींनी हात घालायचा नाही.”

“आणि?”

“निवडायचं काम वाढेल. शेडवरच्या चौघींना परत बोलवा.”

“अजून काही?”

“चहा घेशील?”

थोरलीने चौकट सोडली आणि आत येऊन पाटावर बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं असावं की आपण बसलो, कारण ती एकदा उठायला गेली, पण चहा आला म्हणून राहिली. दोघींनी चहा पिताना नातवाच्या दातांबद्दल बोलणं काढलं.

व्यापाऱ्याने मान्य केलं, पण पहिला महिना तो गाडी दुपारी निघताना धक्क्यावर नसायचा. घड्याळ आपल्याला विचारून चालत नाही, हे पचायला त्याला वेळ लागला. वस्तीतले टवाळ त्याला मागून ‘भाडेवाला’ म्हणू लागले. त्याच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणू द्या. रिकामा ट्रक चालवण्यापेक्षा बरं.” त्याचा स्वतःचा माल सकाळच्या बाजारात जातच राहिला, दुपारी शहरात पोचलेला ट्रक रात्र तिथेच काढायचा आणि धाकटी रात्रीच्या एसटीने घरी यायची. चौघींपैकी दोघी शेडवर परत आल्या. बाकी दोघींनी तोवर शहरात कपडे धुवायच्या कारखान्यात काम धरलं होतं. त्या आल्या नाहीत. धाकटीच्या समोर उभी राहणारी त्या न आलेल्यांपैकी होती. ती कधीतरी संध्याकाळी बाजारात येते, मासे घेते आणि धाकटीने भाव कमी केला तर तो घेत नाही.

यालाही आता काही वर्षं झाली. मधे एकदा धाकटीचा आवाज गेला. ओरडून ओरडून घशाला सूज आली आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस बोलायची बंदी केली. गाळा बंद ठेवायचा की काय, असा प्रश्न आला. सून बाळंतपणाला माहेरी होती. नवऱ्याला पाठवून उपयोग नव्हता. तो मासे घेऊन मुकाट्याने उभा राहिला असता आणि मुकाट्याने ते परत घेऊन आला असता.

“मी जाते,” थोरली म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. थोरलीने आयुष्यात कुणाला काही विकलं नव्हतं. तिला फक्त सांगायची सवय होती.

ती गेली आणि तिने विकलं ते दरडावून. “हात लावून बघू नका, मऊ होतात. घ्यायचे तर घ्या.” “एवढ्याने काय होणार, घरात किती माणसं? मग एवढे घ्या.” एका आचाऱ्याने घासाघीस केली तर तिने त्याला नखं कापून यायला सांगितलं. खेकडेवाला पहिले दोन दिवस ओट्याच्या आड हसत होता. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःचा भाव वाढवला. पेट्या धाकटी असतानापेक्षा तासभर आधीच संपत होत्या, आणि थोरली घरी येऊन सांगायची की शहरातल्या माणसांना कोणी काही शिकवलेलं दिसत नाही.

पंधरा दिवसांनी धाकटी परत गाळ्यावर उभी राहिली. आवाज अजून चिरकाच होता, म्हणून हळू बोलत होती. कचेरीतली ती बाई आली, तिने मासे घेतले, आणि इकडे तिकडे बघत विचारलं, “त्या रागावणाऱ्या बाई आज आल्या नाहीत?”

“ती माझी थोरली बहीण,” धाकटी म्हणाली. “शनिवारी येईल. तिला आता घरी करमत नाही.”